आंबा प्रक्रिया केंद्रातल्या माश्या आणि चिलटं: नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

कोकणात आंब्याचा गर, आंबापोळी, कोकम सरबत, फणसपोळी असं काही करणारं छोटं केंद्र उभं राहिलं की पहिल्याच हंगामात, मे महिना निम्मा झाला की, बाजारातून निळ्या दिव्याचं यंत्र येतं. ते भिंतीवर लागतं, खालच्या ट्रेमध्ये रोज माश्या साचतात, आणि पल्परभोवतीची (गर काढण्याच्या यंत्राभोवतीची) चिलटं होती तेवढीच राहतात. यंत्र बिघडलेलं नसतं. ते फक्त आत आलेल्या, उडत्या माशीला पकडतं, आणि तिची पुढची पिढी तेवढ्यात कोयींच्या ढिगात, मोरीच्या जाळीखाली किंवा न धुतलेल्या क्रेटच्या कोपऱ्यात तयार होत असते. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कीटक ओळखायचा, मग त्याची पैदास थांबवायची, मग त्याची वाट बंद करायची, त्यानंतर यंत्र लावायचं, आणि औषधाचा विचार सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि माश्या राहतात.

आधी ओळख पटवा

‘माश्या झाल्यात’ एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही. कोणती माशी आहे हे कळलं की ती कुठे वाढते ते कळतं, आणि अर्धा शोध तिथेच संपतो.

घरमाशी सगळ्यांच्या ओळखीची: ६ ते ७ मिलिमीटर लांब, करडी, पाठीवर चार काळसर पट्टे. ती बाहेरून येते. उकिरडा, शेणखत, कोंबडीची विष्ठा, कुजणाऱ्या साली ही तिची जागा. कोकणातल्या मे महिन्यात तिची अंडी एका दिवसाच्या आत उबतात आणि आठ ते दहा दिवसांत नवी माशी उडते. एकेका वेळेला शंभराच्या आसपास अंडी घालते, आणि असं ती आयुष्यात अनेकदा करते.

चिलट अडीच-तीन मिलिमीटरचं, पिवळसर तपकिरी, बहुधा लाल डोळ्यांचं. ते आंबायला लागलेल्या फळाभोवती संथपणे घिरट्या घालतं. हे बाहेरून येतंच, पण बऱ्याचदा तुम्ही स्वतः त्याला आंब्यासोबत आत आणता. त्याला फळसुद्धा लागत नाही. फरशीच्या सांध्यात अडकलेला रस, फडक्यातला ओलसर चोथा, बादलीच्या कडेखालचा चिकट थर एवढं पुरतं.

मोरीमाशी गडद करड्या रंगाची, अंगावर आणि पंखांवर लव असलेली, लहानशा पतंगासारखी दिसते. नीट उडत नाही, मोरीजवळच्या भिंतीवर बसून राहते. ती दिसली की समजा नळीच्या आतल्या भिंतीवर बुळबुळीत थर साचलाय.

आणखी एक बारीक माशी आहे जी पुष्कळजण चिलट समजतात: कुबड निघाल्यासारखी पाठ, आणि हुसकली तर लगेच न उडता आधी धक्के देत पळते. तिला फोरिड म्हणतात. ती फरशीतल्या भेगेतून किंवा लादीच्या सांध्यातून वर येताना दिसली तर जमिनीखालची सांडपाण्याची नळी फुटलेली असण्याची दाट शक्यता असते. तिथे कितीही वरवर धुतलं तरी उपयोग होत नाही. फरशी उकरून नळी दुरुस्त करावी लागते आणि भिजलेली माती काढून टाकावी लागते.

निळ्या-हिरव्या चमकणाऱ्या मोठ्या माश्या एकदम दहा-वीस आत दिसल्या तर माळ्यावर, छताच्या पोकळीत किंवा पोत्यांच्या मागे मेलेला उंदीर शोधा. मासळी सुकवणारं अंगण शेजारी असेल तर त्या तिथूनही येतात.

राहिली फळमाशी, आणि इथे कोकणातल्या नव्या उद्योजकांची एक ठरावीक गल्लत होते. बागेत जिला फळमाशी म्हणतात ती घरमाशीएवढी, पिवळ्या पट्ट्यांची, गांधीलमाशीसारखी दिसणारी. ती झाडावरच्या फळाला डंख करून आत अंडी घालते. तिच्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला रक्षक सापळा बागेत उत्तम काम करतो. त्यातलं मिथिल युजेनॉल त्या माशीच्या नरांना ओढून घेतं. पण चिलटाला किंवा घरमाशीला मिथिल युजेनॉलशी काही देणंघेणं नाही. रक्षक सापळे कारखान्यात टांगून चिलटं कमी होणार नाहीत. ते सापळे बागेतच ठेवा आणि बागायतदारालाही तेच सांगा, कारण अळी पडलेला आंबा तुमच्या दारात येऊ नये यासाठी तिथला सापळाच कामाचा आहे.

आंबा येतो तिथून सुरुवात

आंबा उतरवण्याची शेड बहुतेक ठिकाणी मातीची किंवा मुरमाची असते. फळमाशीची अळी फळातून बाहेर पडून मातीत कोष करते, घरमाशीची अळीही ओल्या ढिगातून सरकत कडेच्या कोरड्या मातीत जाते. म्हणून उतरवायची जागा आणि कचऱ्याची जागा या दोन्ही ठिकाणी कोबा हवाच. उतार एका बाजूला आणि टोकाला जाळीची नाली. हा खर्च पहिल्या वर्षी टाळला तर पुढे दर हंगामात तो माश्यांच्या रूपाने परत समोर येतो.

पिकवणीच्या खोलीत, मग ती पेंढ्यातली आढी असो की क्रेटमधली इथिलीनची (फळ पिकवणाऱ्या वायूची) खोली, रोज सकाळी निवड करा. साल फुटलेलं, देठाशी काळं पडून मऊ झालेलं, रस गळणारं फळ वेगळं काढा. चिलट धडधाकट सालीच्या फळात सहसा अंडी घालत नाही. त्याला चीर हवी असते किंवा आंबलेला रस. त्यामुळे एक फुटका आंबा खालच्या थरात दोन दिवस राहिला तर त्या क्रेटमधून आठ-दहा दिवसांनी चिलटांची नवी पिढी निघते. फुटकी पण चांगली फळं त्याच दिवशी पल्परला, कुजकी त्याच दिवशी बाहेर. ‘उद्या बघू’ हा ढीग असू नये. आढीचा पेंढा रसाने भिजला असेल तर तो पुन्हा वापरू नका.

क्रेटकडे विशेष लक्ष द्या. चिलटाचे कोष ओल्या थराच्या थोडं वर, क्रेटच्या जाळीदार भिंतींवर आणि पकडीच्या खाचेत चिकटलेले असतात. तांदळाच्या दाण्याहून लहान, तपकिरी. नुसत्या पाइपच्या पाण्याने ते निघत नाहीत. ताठ ब्रशने घासून, साबणाच्या पाण्याने धुऊन, शेवटी ६० अंशांहून गरम पाण्याचा फवारा द्या आणि क्रेट उपडे करून वाळवा. बाजारातून परत आलेले क्रेट थेट पिकवणीच्या खोलीत नेणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. परत आलेले क्रेट कुठे थांबतील, कुठे धुतले जातील आणि धुतलेले कुठे राहतील या तीन जागा वेगवेगळ्या असाव्यात.

साली आणि कोयी

हापूसच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शापासून जवळपास निम्म्यापर्यंतचा भाग साल-कोय म्हणून बाहेर पडतो. रोज एक टन आंबा घेणाऱ्या छोट्या केंद्रातसुद्धा त्यामुळे तीन-चारशे किलो कचरा होतो. घरमाशीची अंडी एका दिवसात उबतात हे लक्षात घेतलं तर नियम आपोआप ठरतो: कचरा आवारात रात्रभर राहू नये. हंगामात दिवसातून दोनदा उचल हवी, दुपारच्या सुट्टीत आणि काम बंद होताना.

तोपर्यंत तो झाकणाच्या, न गळणाऱ्या पिंपात ठेवा. पिंप अर्धं भरलं की बदला, कारण काठोकाठ भरलेल्या पिंपाचं झाकण कधीच नीट बसत नाही. रिकामं पिंप रोज धुवा, तळाशी राहिलेला एक बोट रसही पैदाशीला पुरतो. पिंप ठेवण्याची जागा केंद्राच्या दारापासून निदान १५ मीटर लांब आणि शक्यतो वारा केंद्रावरून पुढे जिकडे जातो त्या बाजूला. कोकणात दुपारी वारा समुद्राकडून येतो, तेव्हा पिंपं केंद्राच्या पश्चिमेला ठेवली तर दिवसभर वास दारात आणि माश्या वासाच्या मागोमाग.

कोयी रोपवाटिकेला किंवा जळणासाठी द्यायच्या असतील तर आवारात वाळवू नका. साली गुरांना द्यायच्या असतील तर ताज्या द्या. खड्ड्यात पुरायचं असेल तर वर निदान ३० सेंटिमीटर माती दाबून घाला. वर नुसता पालापाचोळा टाकला तर माशीला अडथळा होत नाही.

शेजारचा गोठा, कुक्कुटपालन किंवा शेणखताचा खड्डा हा नाजूक विषय आहे, पण टाळता येत नाही. घरमाशी एक-दोन किलोमीटर सहज उडते. शेजाऱ्याला प्लास्टिकचा जाड कागद स्वतःच्या खर्चाने आणून द्या आणि खड्डा हंगामापुरता घट्ट झाकायची विनंती करा. आत उष्णता वाढते, अळ्या मरतात, खतही चांगलं कुजतं.

मोरी: जिथे खरी मेहनत आहे

चिलटं आणि मोरीमाश्या यांच्या तक्रारींचा मोठा हिस्सा नहाणी ट्रॅपमध्ये (मोरीच्या जाळीखाली पाणी अडून राहतं त्या भांड्यात) आणि नालीत सुटतो. आधी खात्री करा. संध्याकाळी काम संपल्यावर मोरीची जाळी कोरडी पुसा आणि तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी चिकट बाजू खाली करून लावा, पण पूर्ण झाकू नका, हवा जायला थोडी फट ठेवा. सकाळी पट्टीवर बारीक माश्या चिकटलेल्या असतील तर पैदास त्याच मोरीत आहे. प्रत्येक मोरीला क्रमांक द्या आणि हे सलग तीन-चार रात्री करा, एका रात्रीच्या निकालावर विसंबू नका.

सफाईचा क्रम असा. जाळी आणि तिच्या खालची गाळण टोपली बाहेर काढा, त्यातला चोथा पिंपात टाका, पुन्हा मोरीत ओतू नका. जाळीची खालची बाजू आणि ती बसते ती चौकट पत्र्याच्या खरडणीने खरडा. वरून स्वच्छ दिसणाऱ्या जाळीच्या पोटाशी बोटभर थर असतो. मग नळीच्या व्यासाचा, लांब दांड्याचा गोल ब्रश घ्या आणि अल्कली साबणाचं द्रावण ओतून नळीच्या आतली भिंत हाताला पोहोचेल तिथपर्यंत घासा. दहा-पंधरा मिनिटं द्रावण तसंच राहू द्या, पुन्हा घासा, मग भरपूर गरम पाणी. कॉस्टिक सोडा वापरत असाल तर एक ते दोन टक्क्यांचं द्रावण पुरतं. सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, आणि रबरी हातमोजे, चष्मा, बूट हवेतच. ॲल्युमिनियमच्या भांड्यांजवळ तो नेऊ नका, धातू खातो.

ब्लीचिंग पावडर मोरीत टाकून निश्चिंत होणारे खूप आहेत. ब्लीचचं पाणी त्या बुळबुळीत थरावरून वाहून जातं. आतल्या अळीला ते पोहोचत नाही. घासल्यानंतर निर्जंतुकीकरणाला ब्लीच ठीक, घासण्याऐवजी नाही. आणि एक गोष्ट कामगारांना स्पष्ट सांगून ठेवा: ब्लीच आणि ॲसिडचा क्लीनर कधीही एकत्र येऊ द्यायचे नाहीत. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद खोलीत जीवघेणा ठरतो.

हंगामात ही सफाई पल्परखालच्या आणि धुण्याच्या टाकीजवळच्या मोरीची रोज रात्री, बाकीच्यांची आठवड्यातून दोनदा. नहाणी ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी उभं राहिलं पाहिजे. ते पाणीच खालून येणाऱ्या माशीला आणि झुरळाला अडवतं. एखाद्या प्लंबरने बिनट्रॅपची नुसती जाळी बसवलेली असेल तर ती पहिल्यांदा बदलून घ्या.

मोरी स्वच्छ असूनही चिलटं राहिली तर या जागा बघा: पल्परच्या पायांखालची पोकळी आणि त्याचे नटबोल्ट, भट्टीच्या चौकटीचा आतला कोपरा, लादीचा उडालेला सांधा, पोछ्याची बादली, कामगारांच्या चहाच्या जागेतलं ओलं फडकं, स्टूल-टेबलांच्या पोकळ नळ्या. पोकळ पायात रस शिरतो, म्हणून टेबलांच्या पायांची तोंडं बंद असावीत.

वाट बंद करणं

अन्न सुरक्षा आणि मानके परवाना व नोंदणी विनियम, २०११ च्या अनुसूची ४ मध्ये खिडक्या, दारं आणि बाहेर उघडणारी सगळी तोंडं कीटकरोधी जाळीने झाकलेली असावीत, जाळी धुण्यासाठी सहज काढता यावी आणि दारांना आपोआप बंद होणाऱ्या स्प्रिंगा असाव्यात असं सांगितलेलं आहे. तपासणीला येणारा अधिकारी हे बघतो, पण त्याच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी करा.

जाळी घेताना भोकाचा आकार विचारा. घरमाशीला नेहमीची मच्छरदाणीची जाळी अडवते, चिलटाला अडवायचं तर भोक १ मिलिमीटरहून लहान हवं. बारीक जाळीतून हवा कमी येते, म्हणून जाळीचं क्षेत्रफळ वाढवा, नाहीतर कामगार गरमीने वैतागून दार उघडं टाकतील आणि सगळं व्यर्थ जाईल. किनारपट्टीवर खाऱ्या हवेने जस्त चढवलेली जाळी लवकर गंजते. ३०४ ग्रेडची स्टेनलेस जाळी महाग पडते पण टिकते. चौकट खिळ्यांनी ठोकू नका. फिरत्या खिट्ट्यांनी बसवा म्हणजे दर आठवड्याला काढून धुता येईल.

मग अंधाराची तपासणी. भर दुपारी सगळी दारं-खिडक्या लावून आतले दिवे बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. डोळे सरावले की जिथे उजेडाची रेघ दिसेल ती फट. दाराखालची, पत्रा आणि भिंत यांच्यामधली, नळ आणि वायर आत येतात ती. दाराखाली फरशीला टेकणारी ब्रशची पट्टी, भिंतीतल्या भोकांना सिमेंट किंवा सिलिकॉन. पन्हाळी पत्र्याच्या वळ्यांखालची तोंडं सगळ्यांच्या नजरेतून सुटतात. तिथे फोमचे भरीव तुकडे मिळतात, ते बसवा.

माल ये-जा करायच्या दाराला शक्य असेल तर दोन दारांची मधली खोली करा. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. जागा नसेल तर पीव्हीसी पट्ट्यांचा पडदा, पट्ट्या एकमेकींवर निदान निम्म्या चढलेल्या आणि जमिनीला टेकलेल्या. पिवळसर रंगाच्या पट्ट्या घ्या, त्यांच्याकडे कीटक कमी आकर्षित होतात. पट्ट्या बाजूला बांधून ठेवायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून मोडावी लागते.

एअर कर्टन, म्हणजे दारावर हवेचा झोत सोडणारं यंत्र, लावणार असाल तर त्याची लांबी दाराच्या रुंदीएवढी किंवा थोडी जास्त हवी. दोन फुटांचं यंत्र चार फुटांच्या दारावर म्हणजे उरलेले दोन फूट उघडेच. हवेचा झोत थोडा बाहेरच्या बाजूला झुकलेला, आणि जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंचीवर त्याचा वेग सेकंदाला ८ मीटरच्या आसपास असावा. पुरवठादाराला वेगमापक घेऊन यायला सांगा आणि त्या उंचीवर मोजून घ्या, यंत्राच्या तोंडाशी मोजलेला आकडा फसवा असतो. दार उघडताच सुरू होणारा स्विच जोडून घ्या. हाताने चालू करायचं यंत्र आठवड्याभरात बंदच राहतं.

आता जो दोष दिसत नाही पण सगळं बिघडवतो, तो. भट्टीवरची वाफ काढायला मोठा एक्झॉस्ट लावलेला असतो. तो जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत यावीच लागते, आणि ती दाराच्या फटींतून, माश्यांसकट येते. एक्झॉस्ट चालू करा, दार वीतभर उघडा आणि पेटवलेली उदबत्ती फटीजवळ धरा: गुडघ्याच्या, छातीच्या आणि डोक्याच्या उंचीवर. धूर आत ओढला जात असेल तर केंद्र हवा आत शोषतंय. उपाय म्हणजे स्वच्छ बाजूच्या भिंतीत जाळी आणि फिल्टर असलेला हवा आत ढकलणारा पंखा, एक्झॉस्टच्या क्षमतेहून थोडा जास्त. उदबत्तीचा धूर दारातून बाहेर जाऊ लागला की एअर कर्टनही नीट काम करू लागतो.

दिवे आणि यंत्रं

दारावरचा पांढरा दिवा रात्री पाखरं गोळा करतो. तो काढा. पाच-सहा मीटरवर खांब उभारून तिथून पिवळसर, ३००० केल्विन किंवा त्याखालचा एलईडी दाराकडे वळवा. उजेड दारात पडेल, पाखरं खांबापाशी राहतील. जूनच्या पहिल्या सरींनंतर वाळवीची पंखवाली पाखरं निघतात, त्या संध्याकाळी दार दोन मिनिटं उघडं राहिलं तरी कढई भरते. त्या आठवड्यात शक्य असेल तर गराचं काम अंधारापूर्वी संपवा.

आत लावायचं यंत्र ग्लू बोर्डचं, म्हणजे माशी चिकटणाऱ्या पुठ्ठ्याचं, घ्या. तारांवर जाळणारं, चटचट आवाज करणारं यंत्र गर उघडा असलेल्या खोलीत लावू नका. माशी तारेवर फुटते आणि तिचे तुकडे आजूबाजूला उडतात. गर नंतर चाळणीतून जातो म्हणून निर्धास्त राहणंही चूक आहे. फिनिशरची (गर बारीक गाळणाऱ्या यंत्राची) चाळणी साधारण अर्धा ते एक मिलिमीटरची असते, चिलटाचं अंडं अर्ध्या मिलिमीटरचं, आणि पंखांचे तुकडे त्याहून बारीक. उकळल्याने जंतू मरतात, तुकडे नाहीसे होत नाहीत.

ट्यूबवर तरंगलांबी वाचा. ३६५ ते ३७० नॅनोमीटरच्या आसपासची अतिनील ट्यूब हवी. नुसता जांभळा-निळा दिसणारा स्वस्त एलईडी शोभेचा असतो. ट्यूबला फुटली तरी काच न सांडणारं आवरण असावं. लावण्याची उंची जमिनीपासून दीड ते दोन मीटर, कामगारांच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर, पण बाहेरून दारातून दिसणार नाही अशा कोनात. दिसलं तर ते बाहेरच्या माश्यांना बोलावणं ठरतं. पल्पर, कढई, डबे भरण्याचं टेबल यांच्या वर कधीच नाही, निदान तीन मीटर लांब. समोर खिडकीतून ऊन पडत असेल तर यंत्राचा प्रकाश फिका पडतो, ती भिंत टाळा. चिलटं आणि मोरीमाश्या खालच्या थरात उडतात, त्यांच्यासाठी एखादं यंत्र मीटरभर उंचीवर, मोरीच्या बाजूला चालतं.

ट्यूब वर्षातून एकदा बदला, मार्चअखेरीस, हंगामाच्या तोंडावर. ती जळत दिसते म्हणून चालू आहे असं नसतं. आपल्याला दिसणारा निळा उजेड राहतो, माशीला दिसणारा अतिनील भाग मात्र कमी झालेला असतो. बदलल्याची तारीख ट्यूबच्या टोकाला मार्करने लिहा.

चिलटांसाठी साधे सापळेही चालतात: बरणीत दोन बोटं व्हिनेगर, त्यात पिकलेल्या केळ्याचा तुकडा आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, तोंडाला भोकं पाडलेला प्लास्टिक कागद. लिक्विडमुळे पाण्याचा ताण मोडतो आणि चिलट बुडतं. हे पिकवणीच्या आणि क्रेट धुण्याच्या जागेत ठेवा, उत्पादनाच्या खोलीत नको, आणि दर तीन दिवसांनी बदला, नाहीतर सापळ्यातच पैदास सुरू होते.

उन्हात वाळणाऱ्या आंबापोळीसाठी वेगळं सांगायला हवं: उघड्या ताटांवर साडी किंवा ओढणी टाकणं पुरेसं नाही, कापड पोळीला टेकलं की माशी वरूनच सोंड लावते. ताटाच्या चारी बाजूंनी वीतभर उंच, जाळी ताणलेली चौकट करा किंवा सौर वाळवणयंत्र घ्या.

मोजणी आणि वही

केंद्राचा साधा नकाशा काढा, प्रत्येक यंत्राला आणि मोरीला क्रमांक द्या. दर सोमवारी ग्लू बोर्ड काढा आणि मोजा: घरमाश्या किती, चिलटं किती, मोरीमाश्या किती, रात्रीची पाखरं किती. बोर्डवर तारीख लिहा, फोटो काढा, वहीत नोंदवा. एकूण आकड्यापेक्षा बदल बघा. यंत्र क्रमांक ३ वर गेल्या सोमवारी पाच चिलटं होती आणि आज चाळीस आहेत, तर त्याच्या पाच मीटरच्या आत काहीतरी ओलं आणि आंबट आहे. शोधल्याशिवाय काम सुरू करू नका. दाराजवळच्याच यंत्रावर घरमाश्या वाढल्या तर दार, पट्ट्या, एअर कर्टन बघा. सगळीकडे सारख्याच वाढल्या तर कचऱ्याची उचल चुकली आहे. रात्रीची पाखरं वाढली तर कुणीतरी बाहेरचा दिवा बदलला आहे. ही वही तपासणीच्या वेळीही उपयोगी पडते.

औषध, अगदी शेवटी

फवारणी आणि धुराने उडत्या माश्या मरतात, अळ्या आणि कोष मरत नाहीत, आणि मेलेल्या माश्या तुमच्याच टेबलावर पडतात. काही ठिकाणी घरमाशीने पायरेथ्रॉइड गटाच्या औषधांना प्रतिकारशक्ती मिळवलेली आहे, त्यामुळे दर दोन दिवसांनी तेच औषध मारणं म्हणजे टणक माश्या निवडून वाढवणं.

वापरायचंच तर भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, कचऱ्याच्या पिंपांभोवती, केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे नोंदलेलं आणि लेबलवर माशीसाठी लिहिलेलं औषधच, लेबलवरच्याच मात्रेत. माशीचं दाणेदार आमिष बाहेर, झाकणाच्या स्टेशनमध्ये ठेवा. उघडं विखुरलं तर कोंबड्या आणि कुत्री खातात. डायक्लोरव्हॉस, ज्याला अजून पुष्कळजण ‘नुवान’ म्हणून मागतात, ते भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. जुनी बाटली कुठे पडली असेल तर ती अन्नाच्या आवारात असूच नये. परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडून काम करून घेत असाल तर औषधाचं नाव, मात्रा, जागा आणि तारीख लिहिलेली पावती मागा.

हंगाम संपल्यावर

जूनमध्ये शेवटचा डबा भरला की सगळे दमलेले असतात आणि कुलूप लागतं. पुढच्या वर्षीची पैदास याच आठवड्यात ठरते. पल्पर पूर्ण उघडून चाळण्या, ब्रश, सील काढून धुवा आणि वाळवून ठेवा. सगळे क्रेट गरम पाण्याने धुऊन उपडे रचा. पिकवणीच्या खोलीतला पेंढा काढून टाका, फरशीचे उडालेले सांधे भरून घ्या. काजूगर किंवा सुकं कोकम साठवत असाल तर पतंगांसाठी फेरोमोन सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगाला ओढणारे) लावा. ते या पावसाळ्याच्या महिन्यांतच लागतात. प्रत्येक मोरी एकदा शेवटची घासा, आणि पुढे बंद काळात दर आठवड्याला प्रत्येक नहाणी ट्रॅपमध्ये एक बादली पाणी ओतायचं काम कुणा एकाच्या नावावर लिहून द्या. ट्रॅपमधलं पाणी सुकलं की नळीतून झुरळं आणि मोरीमाश्या थेट खोलीत येतात.